काथवट

चूक माझीच होती.
लेइदाला पुरून आलो त्या आठवड्यात
मी घरातलं सगळं धुऊन काढलं,
पडदे, चादरी, खिडक्यांच्या काचा,
आणि तिची काथवट.
साबण लावून, कढत पाण्याने, ब्रशने,
लाकूड पांढरं पडेपर्यंत.
मग पालथी घातली उन्हात,
हियुमा बेटावर एप्रिलमध्ये
जेवढं ऊन पडतं तेवढ्यात.

काल्यु बंदरावरून आला. बघत राहिला.
"आईने हिला कधी पाणी लावलं नव्हतं."
एवढंच म्हणाला. मग बूट काढले.

मी ताल्लिनच्या चौथ्या मजल्यावर वाढलेली.
आमच्याकडे पाव दुकानातून यायचा, कापलेला.
फटींत वाळून बसलेलं करडं पीठ
मला मळ वाटलं.
ते विरजण होतं.
लेइदाला तिच्या सासूने दिलेलं,
त्या सासूला तिच्या सासूने,
त्याच्या मागचं कुणालाच ठाऊक नाही.
मी ते एका दुपारी मोरीत सोडलं.

मग करून पाहिलं.
राईचं नव्हे, रायचं पीठ – तेही आधी चुकीचंच आणलं होतं, चाळलेलं –
मग अख्ख्या दाण्याचं, कोंड्यासकट,
कोमट पाणी, भट्टीशेजारची उबदार फळी.
पहिलं बुरसलं. दुसरं रुसलं.
तिसरं फुगलं, पण त्याला ऑइलपेंटचा वास.
त्याचा पाव विटेसारखा झाला.
काल्युने खाल्ला, जाड लोणी लावून,
काही न बोलता.
बोलला असता तर बरं झालं असतं.

विरजण आता एकाच घरी होतं,
जुनिपरच्या झुडपांपलीकडे, आर्वेदकडे.
लेइदानेच दिलं होतं त्याच्या बायकोला,
होडीवरून भांडण होण्याआधी.
होडी केव्हाच कुजली. भांडण मात्र चांगलं टिकलं.
बावीस वर्षं ही दोन घरं
एकमेकांचा धूर तेवढा ओळखत होती.

नोव्हेंबरात गेले, रिकामी बरणी घेऊन.
तो जेवत होता. दारातूनच म्हणाले,
इथे जेवणाऱ्याच्या घरी शिरताना म्हणतात ते:
"पाव पुरत राहो."
याला उत्तर द्यावंच लागतं, शत्रूलाही.
"पुरायलाच हवा," तो म्हणाला.
मग बरणी बघितली.
"धुतलीस?"
"धुतली."

हिल्डा जाऊन सहा वर्षं झाली;
पाव तो स्वतः करतो, गावात कुणाला माहीत नव्हतं.
आतून आला तेव्हा मनगटापर्यंत पीठ.
"साखर घालू नकोस. घाई करू नकोस.
आणि त्याला सांग, होडीचं..."
थांबला.
"नको. काही सांगू नकोस."

कोटाच्या आत, पोटाशी धरून आणली बरणी.

हे पीठ मळून घेत नाही.
चिखलासारखं हात धरून ठेवतं,
ओल्या बोटांनी समजूत काढावी लागते.
सकाळी त्याच्यावर भेगा,
वास सफरचंदाच्या सालीचा, ओल्या लोकरीचा, ताकाचा.
तळहाताच्या कडेने वर फुली काढली
लेइदा काढायची तशी.
तेव्हा मी हसायचे.

भाजून झाल्यावर पालथा करून बोटांनी वाजवला.
आत कुणीतरी असल्यासारखा आवाज आला.
गरम कापायचा नसतो,
कापडात गुंडाळून रात्रभर ठेवला.

दुसऱ्या दिवशी काल्युने कडेचा तुकडा तोडला.
बराच वेळ चावला.
"आईचा नाही हा. जास्त आंबट आहे.
बावीस वर्षं तिकडे राहिलाय."
मग दुसरा पाव कापडासकट उचलला,
टोपी घातली,
आणि झुडपांच्या बाजूने गेला,
जिकडे फाटक नाही.

मी काथवट घेतली,
कोरड्या सुरीने खरवडली,
फटींतलं फटींत राहू दिलं.