जवारी

मिरजेला तेव्हा गाडी बदलावी लागे.
गोव्याहून यायचे ते अरुंद रूळ इथं संपत,
पुढं रुंद.
मधल्या फलाटावर माणसं ओझी उतरवून
थोडा वेळ कुठलीच नसत.

फिंटन मलहर्न तिथं उतरला, चौऱ्याऐंशी साली,
डोळे सांगलीच्या पेठेतल्या हळदीसारखे पिवळे.
हमालानं त्याला टांग्यात घालून
मिशनच्या दवाखान्यात पोचवलं,
आणि गिटार आमच्याकडं आणली.
मोडलेलं वाद्य या गावात कुठं न्यायचं
हे हमालालाही माहीत असतं.

दांडी गळ्यापाशी तुटलेली.
चुलते दस्तगीर म्हणाले, पडून नाही ही,
आपटून मोडलीय.
आणि चष्मा काढून बाजूला ठेवला
मयताला जाताना ठेवायचे तसा.

मी अठराचा. शाळेतलं इंग्रजी
आणि तांब्याभर उसाचा रस घेऊन
रोज संध्याकाळी त्याच्या खाटेशी.
तो सांगायचा, मी अर्धं समजायचो:
बाप गोदीत, घरात सात पोरं,
सोळाव्या वर्षी चर्चच्या हॉलात पहिला कार्यक्रम,
दुसऱ्या गाण्याला पाद्र्यानं मेन स्विच ओढला.
मग लंडन. कुलूप तोडून
रिकाम्या घरात राहणं, खुर्च्या जाळून शेकणं.
तीन कॉर्ड पुरतात, म्हणायचा,
चौथी आली की माणूस घर बघायला लागतो.
लोकांना आवडलं की ते अंगावर थुंकायचे.
मी दोनदा विचारलं, आवडलं की?
आवडलं की.
हे मी घरी सांगितलं नाही.
आमच्यात तंबोऱ्याला पाय लागला
तर तो हात कपाळाला जातो.

एक रेकॉर्ड चालली. कंपनी बुडाली.
ड्रमवाल्याचं काय झालं विचारलं
तर त्यानं रस खाली ठेवला,
कोपराच्या आतल्या बाजूवर बोट टेकवलं, बास.

नवव्या दिवशी चालत दुकानी आला.
चुलते जवारी काढत होते,
घोडीवर कानस, एक घासा, एक कान,
तारेखाली दोरा सरकवला
आणि साधा सूर मधमाश्यांसारखा उठला.
फिंटन मटकन भोपळ्यांच्या ढिगाशेजारी बसला.
म्हणाला, याच्यासाठी आम्ही
स्पीकरचा कागद ब्लेडनं फाडतो.
मी सांगितलं तसं चुलत्यांना.
ते हसले नाहीत. म्हणाले,
इचार त्याला, आपटली का.

पहिल्यांदा रागानं, तो म्हणाला.
नंतर लोक वाट बघायचे म्हणून.
आणि ही?
ही समुद्रावर. तिथं कुणी नव्हतं बघायला.

चुलत्यांनी सतारीचा सांधा घातला गिटारीला,
तुणीचं लाकूड, सरस, दोन रात्री सुतळीनं आवळून.
चाळीस रुपये घेतले.
पुन्हा आपटशील तेव्हा, म्हणाले,
माझा जोड सोडून आपट.
हे इंग्रजीत करताना माझी तारांबळ उडाली
पण तो समजला असावा, त्यानं हात छातीला लावला.

आता रूळ एकसारखे. गाडी बदलावी लागत नाही.
तरी गेल्या पावसाळ्यात त्याची मुलगी उतरली, ऊना,
पाठीवर तीच पेटी.
वडिलांनी तीन बँड मोडले, दोन लग्नं,
शेवटची नऊ वर्षं शाळेची बस चालवली;
पोरांना पुढच्या सीटवर शिव्या शिकवायचे,
तक्रारी यायच्या, ती हसत म्हणाली, हसता हसता थांबली.
गिटार चार ठिकाणी फुटलेली.
पाठ, कड, खुंट्या, पोट.
गळा शाबूत.
मी अंगठा फिरवला. सांधा लागला नाही हाताला.

चुलते नाहीत. असते तर चष्मा घातला असता.
मला गिटार वाजवता येत नाही,
नुसती एक तार लावली, खाली दोरा दिला.
शेजारी हनीफच्या दुकानात
कुणी तंबोरा जुळवत होतं, पंचम जरा उतरलेला.
मी उठलो, हाक मारून सांगावं म्हणून.
ऊनानं बाही धरली.
राहू दे, म्हणाली. तसाच राहू दे.