अमेरिकन चॉपसुईचं प्रूफ

चरईतल्या माझ्या छापखान्यात
लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यांखाली
ल्याव यांचं मेन्यूकार्ड कायम असायचं.
भाव वाढले की म्हातारा स्वतः यायचा,
छत्री काखेत,
खुर्ची दिली तरी उभाच.

पहिलं कार्ड एकोणऐंशी सालचं, ट्रेडलवर.
वर इंग्रजी, खाली देवनागरी, हा त्याचा हट्ट.
गिऱ्हाइकांसाठी नाही.
बासष्ट साली माझगावात
दर सोमवारी चौकीत हजेरी लावलेला माणूस तो.
म्हणाला, साहेबाला वाचता आलं पाहिजे
आम्ही आत काय शिजवतो ते.

माझ्याकडे 'क्क'चा खिळा एकच,
आणि हक्का नूडल्स सहा प्रकारचे.
पहिल्या ओळीत तो वापरला,
बाकी पाच ठिकाणी
क-चा पाय मोडून भागवलं: हक्‌का.
त्यानं बोट ठेवलं. याचा पाय का मोडला?
म्हटलं, खिळे कमी पडले.
आणि विचारलं, हक्का म्हणजे काय हो, तिखट?
म्हणाला, म्हणजे आम्ही.
म्हणजे पाहुणे.
किती पिढ्या झाल्या, तरी पाहुणे.

शाई वाळेपर्यंत तो तुकड्यातुकड्यानं सांगायचा.
आजोबांचा भाऊ कॅलिफोर्नियाला गेला.
तिथला कायदा म्हणे, चिनी मजूर नको,
व्यापारी असेल तर बघू.
म्हणून त्यानं हॉटेल काढलं.
स्वयंपाक?
छे, त्याला भातसुद्धा लावता येत नव्हता.
कागद हवे होते.
मग उरलंसुरलं एकत्र परतून
गोऱ्यांना खाऊ घातलं, आणि ते खात गेले.

नौपाड्यात त्याची बायको विनिफ्रेड गल्ल्यावर,
मुलगी चार नंबरच्या टेबलावर भूमितीचा गृहपाठ करत,
डेरिक मागे कोबी चिरत.
गिऱ्हाईक आलं की मुलीनं कंपास उचलायचा
आणि पाच नंबरवर जायचं.
कुटुंब म्हणजे सरकणं,
हे मी तिथं पाहिलं.

मग जैन मंचुरियन आलं,
बिनकांद्याचं, बिनलसणाचं.
त्यानं प्रूफ दोनदा वाचलं आणि सही केली.
मंचुरिया कुठंशी आहे हो?
म्हणाला, मीही नाही गेलो.

वीस सालच्या जूनमध्ये सीमेवर काही झालं
आणि इथं रात्री कुणी पाटीला डांबर फासलं.
सकाळी तो दारात. तोंडावर मास्क, छत्री काखेत.
'चायनीज' काढ.
काय घालू?
बराच वेळ उभा राहिला.
'फॅमिली रेस्टॉरंट' घाल. फॅमिली तर आहे ना.

तोवर डेरिक न्यू जर्सीत, एडिसनला.
किराणा दुकान आणि दातांचा दवाखाना
यांच्या मधला गाळा.
छपाई ठाण्यात स्वस्त, म्हणून
कार्डाची फाईल मला आली.
वर इंग्रजी, खाली देवनागरी. तिथंसुद्धा.
वाचता वाचता अडलो, फोन लावला.
अरे, अमेरिकेत 'अमेरिकन चॉपसुई'?
'अमेरिकन' उडवू का?
तो हसला. काका, इथले अमेरिकन ते मागतच नाहीत.
डोंबिवलीची पोरं मागतात, वाघबीळची मागतात,
वर अंडं, नौपाड्यात असायचं तसं.
ठेवा.
मग म्हणाला, परवा एक चिनी जोडपं आलं होतं.
खाल्लं, एकमेकांकडे पाहिलं,
आणि अगदी नम्रपणे विचारलं, हे कुठल्या गावचं?
मी नौपाडा म्हणालो.
त्यांनी नकाशावर शोधलं बिचाऱ्यांनी.

शेवटचं प्रूफ बघायला म्हातारा आला.
या वेळी बसला.
आता संगणकात 'क्क' हवे तितके,
सहाही ओळी सरळ, धडधाकट.
त्यानं चष्मा पुसला, पाचव्या ओळीवर बोट टेकवलं.
इथं पाय मोडून ठेव.
म्हटलं, लोक चूक समजतील.
समजू देत. पोराला कळेल.

पाचशे प्रती गेल्या.
अजून कुणाची तक्रार नाही.