सावळापूर रोड

नगरपालिकेचं पत्र आलंय :
स्मरणिकेसाठी गावाच्या स्थापनेची तारीख कळवावी.
निवृत्त गुरुजींच्या वाट्याला असलीच कामं येतात.

कोणती कळवू?

सावळापूर इथून तीन कोस. नदी तिथं, बाजार तिथं, चावडी तिथं.
रूळही तिथूनच जायचे होते.
पाटलांनी सायबाला ताक पाजलं आणि सांगितलं,
धुरानं आमच्या म्हशी आटतील.
सायबानं मिशा पुसल्या,
नकाशावर तांबड्या पेन्सिलीनं एक वळण काढलं.
त्या वळणात आम्ही आहोत.

तेव्हा इथं नुसतं बरड. मुरूम, पळसं, घोरपडी,
आणि उकंडा मडावीचं तुरीचं वावर.
खुंटी त्याच्या धुऱ्यावर ठोकली.
रात्री त्यानं उपटली. सकाळी पुन्हा ठोकली.
अकरा रात्री असंच.
बाराव्या दिवशी त्याला लायनीवर रोजी लागली, तीन आणे,
मग खुंटी राखायला तोच बसला.

की पहिली गाडी आली तो दिवस?
चौदा गावच्या बंड्या जुंपून लोक पाहायला आले.
इंजिनानं कोणाला काही केलं नाही,
बैल बुजले, त्यांनीच माणसं लोळवली.
गाडीतून उतरलं कोणी नाही.
उतरायला गाव कुठं होतं?
एक पाटी तेवढी उतरवली, सावळापूर रोड,
म्हणजे सावळापूर नव्हे, तिकडं जायचा रस्ता.

मग कच्छी हंसराज सेठ आला, त्याची जिनिंग आली.
सरकीचे ढीग आले, पोरं त्यावर लोळू लागली.
पोस्ट आलं, दारूचं दुकान आलं.
मारुतीला मात्र उशीर झाला,
मूर्ती सावळापूरहून आणायची होती आणि ते देईनात.

पण मी सांगतोय ती पाण्याची गोष्ट.

इंजिनाला तहान लागते म्हणून विहीर खणली,
अठ्ठावन्न फूट, खाली सगळा काळा दगड.
इंजिन पिऊन गेलं की लोखंडी सोंड घटकाभर ठिबकत राही.
त्या ठिबकण्याखाली गावभरच्या गुंड्या.
एक दिवस एकीची गुंडी दुसरीच्या गुंडीला लागली.
कोणाची कोणाला, हे सांगायला नको,
विटाळाचा कालवा थेट सिग्नलपर्यंत.

स्टेशनमास्तर नरसय्या तेलंगणातला.
त्याला मराठी येत नव्हती, आकडे येत होते.
हिशेब लिहिताना कोणी ओरडलेलं त्याला खपत नसे.
तो खण उघडून बाहेर आला,
हातात टोचून रद्द झालेली जुनी तिकिटं,
थर्ड क्लास, पुठ्ठ्याची, जाड.
दिसेल त्या बाईच्या हातात एकेक ठेवत गेला
आणि बोटांनी दाखवलं : एक. दोन. तीन.

एक नंबर झिबलीला लागला,
गँगमन चिंधूची बायको, जिला तोवर
कुठल्याच विहिरीवर पायरी नव्हती.
सेठाच्या स्वयंपाक्यानं नाक मुरडलं,
दोन दिवस सावळापूरहून बंडीनं पाणी आणलं,
तिसऱ्या दिवशी बैल दमले.
त्यानं हात पुढं केला.
नरसय्यानं मान वर न करता दिलं : एकवीस.

भांडणं थांबली असं नाही. भांडणं आकड्यांवरून होऊ लागली.

स्टेशनच्या रजिस्टरात त्या दिवसाची एवढीच ओळ आहे,
शाई फिकट, अक्षर सरळ :
जुनी तिकिटे, नग तेवीस, नष्ट केली.
तारखेवर कसर लागलीय.

नष्ट केलेल्यातलं एक माझ्या डब्यात आहे.
झिबली माझ्या बापाची माय.
आयुष्यात ती गाडीत कधी बसली नाही.

आता पाटी नवी आहे, पिवळी.
रोड हा शब्द बोलण्यातून केव्हाच गळाला.
तिकडचे लोकच आपल्या गावाला
जुनं सावळापूर म्हणतात, जरा खालच्या आवाजात.

पत्रातला रकाना तीन बोटं रुंद.
उद्या जाऊन बाबूला विचारतो,
तारखेच्या जागी
नुसता आकडा चालेल का.