टेकावरचं पाणी

आठवडाभर ठिबकत होतं.
नळातून नाही, नळाच्या पोटातून.
सिंकखालचं कपाट उघडलं तर
डिशवॉशरच्या गोळ्यांचा खोका फुगून फुटलेला,
आणि नळाची ती बाहेर ओढायची नळी
नायलॉनच्या विणीखाली चिरलेली,
केसाएवढी.

कंपनीची बाई फोनवर म्हणाली,
आजन्म वॉरंटी आहे, पण मूळ ग्राहकाला.
मूळ ग्राहक हे घर मला विकून
ॲरिझोनात कुठेतरी ऊन खात असेल.
त्याचा जन्म चालू आहे की नाही, मला काय माहीत.
शेवटी दुकानातून आणली, सव्वीस डॉलरला.
ॲक्रन म्हणजे एके काळी रबराचं गाव,
आणि नळीच्या पाकिटावर नाव दुसऱ्याच देशाचं.

अण्णांनी आधी तीन पातेली भरून घेतली.
"अर्ध्या तासाचं काम आहे," मी म्हटलं.
"असं सगळेच म्हणतात," ते म्हणाले.
बार्शी नगरपालिका, पाणीपुरवठा, वॉलमन,
चौतीस वर्षं.
गुडघे आता वाकत नाहीत,
म्हणून टॉर्च त्यांच्याकडे, पाना माझ्याकडे.

मी पाठीवर निजून आत सरकले.
दोन चाव्या, सुपारीएवढ्या.
डावी गरम, उजवी गार.
दोन बोटांनी फिरवल्या.
त्यांनी वर नळ उघडून पाहिला:
एक उचकी, मग गप्प.

"एवढंच?" अण्णा म्हणाले.

त्यांची चावी माझ्या खांद्याला लागायची.
पहाटे साडेतीनला सायकलच्या दांडीला बांधून निघायचे.
तांबोळी गल्लीला पाऊण तास, पेठेला पाऊण तास,
टेकावरच्या वस्तीला
उरलं तर.

जुन्या नळीची खटक्याची क्लिप निघेना.
वीस वर्षांचा क्षार, पांढरा, दातांवर बसतो तसा.
डोळ्यांत गंज पडला.
टॉर्च जरा हलला.
"ही कपाळावरची खूण," वरून आवाज आला,
"झाकण लागून झालेली नाही."

मी हात थांबवला नाही.
थांबवला असता तर ते थांबले असते.

"हंडा होता. टेकावरच्या एका बाईनं फेकला.
रिकामा होता म्हणून वाचलो."
बराच वेळ काही नाही. फ्रिजची घरघर.
"चढलं असतं गं पाणी.
पेठेतली दहा मिनिटं कापली असती, तर चढलं असतं.
पण पेठेत नगरसेवक राहायचा."

मला इथून त्यांची फक्त पावलं दिसत होती.
माझेच लोकरी मोजे घातलेली,
एकावर एक ठेवलेली.

क्लिप सुटली. गार पाण्याचा घोट
बाहीतून थेट काखेत.
नवी नळी वरून सोडली, अण्णांनी धरली,
खाली खटकन बसली.
राहिलं वजन,
नळीला अडकवायचा तो शिशाचा गोळा,
सोडलेल्या नळीला परत घरात ओढणारा.
मी वर बांधला तर तोंड लोंबत राहिलं.
"खाली घे," अण्णा म्हणाले. "अजून. अजून जरा.
हां. वजनाला जागा लागते."

चाव्या उघडल्या. नळ खोकला, थुंकला,
हवा, करडं पाणी, हवा,
मग एकसारखी धार.
अण्णांनी नळी ओढली, सोडली.
ओढली, सोडली.
पाचव्यांदा मी टॉवेलनं केस पुसायच्या निमित्ताने
दुसऱ्या खोलीत गेले.

रात्री ओट्यावर तीन पातेली,
ताटल्या झाकून, ओळीनं.
बाहेर बर्फाला सुरुवात झालेली.
ओतून द्यायला एक उचललं,
आणि परत ठेवलं.
सकाळचा चहा त्यातल्याच पाण्याचा केला.
अण्णांनी एक घोट घेतला,
कपात पाहिलं,
काही म्हणाले नाहीत.