मध्यम-भारी

बोहरी आळीत, दोरखंड आणि ताडपत्र्यांच्या मधल्या दुकानात
शिडीवर चढलेला मुर्तझाभाई वरूनच विचारतो,
"मासा कुठला?"
पैसे किती, ते नंतर. हे मला आवडलं.
"मरळ. खडकवासल्याच्या फुगवट्यात,
जिथे जलपर्णी काठाला लागते तिथली."
"गळाला गांडूळ?"
"नाही. रबरी बेडूक."
तो एक पायरी खाली उतरतो.

पहिली काठी आठशेची,
एकात एक सरकणारी, पर्समध्ये मावणारी,
उघडली की कपडे वाळत घालायच्या दांडीएवढी
आणि तेवढीच शहाणी.
मग बारा हजारांची, जपानी.
ती तो दोन्ही तळव्यांवर ठेवून देतो,
दवाखान्यात बाळ देतात तशी.
वजन नाहीच.
मी बोटांचे ठसे पुसून परत केली.

"मधलं दाखवा. साडेतीनपर्यंत."
आणि मग खरं दुकान उघडलं.

भोसरीच्या कारखान्यात बावीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या कामात खोट काढण्याचा पगार घेते.
गो गेज शिरलं पाहिजे, नो-गो अडलं पाहिजे,
मधे कुणाचं काही चालत नाही.
तेव्हा काठी डोळ्याला लावते, बंदुकीसारखी,
आणि कड्यांची रांग बघते.
एकीचं पाचवं कडं केसभर डावीकडे. बाजूला.
एकीच्या बुचाच्या मुठीत भुशाची भर, नखाला कळते. बाजूला.
एकीला सगळं सरळ, पण रिळाची बैठक डुगडुगते,
मुर्तझाभाई म्हणतो, "चालतं हो एवढं."
हे वाक्य मी रोज ऐकते. बाजूला.

चहा येतो. एक गिऱ्हाईक फक्त सुतळी मागतं,
त्याला थांबावं लागतं.

सातवी की आठवी.
साडेसहा फूट, एकसंध, कार्बन.
मुठीखाली तर्जनीसाठी घोडा.
लेबलवर लिहिलंय: मीडियम हेवी.
"म्हणजे मध्यम-भारी," तो म्हणतो आणि स्वतःच हसतो.
टोक चिमटीत धरून सांगतो, "ओढा."
वरचा तिसरा हिस्सा लवला, लवत गेला,
आणि मग पाठीनं सांगितलं, बास, इथून पुढे मी.
ते मला कोपरापर्यंत ऐकू आलं.

अडतीसशे पन्नास. चौतीसशे.
कापडी खोळ फुकट, तीही कुरकुरत.

रिक्षात ती तिरकी बसली,
टोक पलीकडून बाहेर, लाल फडकं बांधून.
लक्ष्मी रोडला रिक्षावाला म्हणाला,
"ताई, अँटेना सांभाळा."
मी बाबांचा विचार करत होते.
कसब्याच्या भोई आळीत त्यांचं जाळं खुंटीला असायचं, कायम ओलं.
ते म्हणायचे, काठीनं धरतो तो हौशी,
जाळ्यानं धरतो त्याला पोट असतं.
मला पोट आहे, पगारही आहे.
आता हौस करून बघते.

रविवार, सहा वाजता. पहिली फेक.
बेडूक चार हातांवर टपकन पडला,
रीळ मात्र फिरतच राहिलं,
आणि दोऱ्याचं घरटं झालं, चिमणीलाही लाज वाटेल असं.
पलीकडे आठशेवाल्या काठ्या घेतलेली दोन पोरं
अतिशय सभ्यपणे दुसरीकडे बघायला लागली.

काठी गवतात ठेवली. दगडावर बसले.
घरटं मांडीवर घेतलं.
बोटांना ठाऊक होतं काय करायचं:
ओढायचं नाही. आधी मोकळी पाळी शोधायची,
तिच्यातून दुसरी काढायची.
असं मी नऊ वर्षांची असताना,
दिव्याखाली, बाबांच्या समोर बसून.
अर्धा तास गेला असेल.
बेडूक तिथेच, उघड्या पाण्यावर,
जिथे कुणी शहाणा माणूस तो टाकणार नाही.

भप्प.

चौतीसशेची काठी गवतावरून
पाण्याकडे निघाली.
मी तिच्या मुठीवर पाय दिला
आणि दोरा हातानंच ओढायला लागले,
हातापुढे हात, तर्जनी कापली तरी.
पोरं ओरडत होती, "काठी उचला, काकू, काठी!"