दोन वाजता

पांढरकशाच्या फाटकावर
वीस वीस रुपयांची दोन तिकिटं फाडून
चौकीदारानं बापाची चंची आणि चुन्याची डबी काढून घेतली.
तंबाखू आत चालत नाही.
बाप हसला.
"पाह्य वं, या खदानीतला चुना
आता खदानीत नेऊ देत नाहीत."
मोठ्यानं म्हणाला. तो सगळंच मोठ्यानं म्हणतो.
बावीस वर्षं सुरुंग लावले त्यानं,
त्याच्याआधी त्याचे कान निवृत्त झाले.

जैतू कुमरे, वाटाड्या, वय वीसेक,
गळ्यात दुर्बीण, पायात वणीहून आणलेले बूट,
ओठांवर बोट ठेवतो: हळू चला,
इथून पुढे शांतता क्षेत्र.
बाप मान डोलावतो.
त्याला गाव, शुक्रवारचा बाजार, लग्नातला बँड,
आईचं शेवटचं बोलणं,
सगळंच शांतता क्षेत्र.

वाट जुन्या ट्रकांच्या चाकोरीतून उतरते.
दोन्ही अंगांना घाणेरी, रुई, खाली पडलेली बोरं,
वाळल्या तरोट्याच्या शेंगा पायाशी खुळखुळतात.
मला आठवते ती नुसती धूळ,
वेणीत, वरणात, वहीच्या पानांत.
शाळेत आम्हाला पिठाची पोरं म्हणायचे.
आता इथे हिरवा फळा उभा आहे,
वर लिहिलंय ‘पुनरुज्जीवित अधिवास’
आणि खाली चौतीस पक्ष्यांची नावं.
बापानं ती बोट फिरवत वाचली,
हजेरीपट वाचावा तशी, सावकाश,
आणि शेवटी विचारलं,
"यात लचमाचं नाव काऊन नाही?"
लचमा पक्षी नव्हती.
मी हातानं खूण केली, पुढे चल.

तळाशी पाणी,
धुण्यात नीळ जरा जास्तच पडावी तसं.
साठ फूट खोल, जैतू सांगतो.
बाप त्याच्या ओठांकडे बघतो,
दोन्ही पंजे उघडतो, मिटतो, उघडतो, नऊ वेळा.
"नव्वद. आन् खाली मशीन बुडली हाय एक. पिवळी."
जैतू वही काढतो, लिहून घेतो.

समोरच्या कड्यावर अजून दिसतात
ड्रिलच्या अर्ध्या नळ्या, उभ्या, सरळ,
दगडाला कुणी कंगवा फिरवावा तशा.
एकच वाकडी.
"थे माही," बाप म्हणाला.
"पेऊन होतो मी थ्या दिवशी."

जैतूनं दुर्बीण माझ्या हातात दिली.
वाकड्या नळीपाशी बारूद नीट बसली नव्हती,
दगड पुरता सुटला नाही,
हातभर ओटा तसाच राहून गेला.
त्या ओट्यावर शृंगी घुबड,
पोटाखाली दोन पिलं,
मळक्या कापसाच्या बोंडांसारखी.
सरळ नळ्यांनी कुठेच जागा सोडली नव्हती.

मग दोन वाजले.
मी घड्याळ पाहिलं नाही, बापाला पाहिलं.
तो चालता चालता वळला,
एका मोठ्या धोंड्याआड उकिडवा बसला,
मला ओढलं, जैतूलाही ओढलं,
आणि तोंड उघडं ठेवलं,
कानांचे पडदे वाचावेत म्हणून ठेवतात तसं.
तेव्हा सगळं गाव दोन वाजता असं थांबायचं.
मास्तर खडू खाली ठेवायचे,
आई चुलीवरचं दूध उतरवायची,
मग फळीवरची भांडी एकमेकींशी बोलायची.

आम्ही बसून राहिलो. मी मोजत होते.
सात. आठ. नऊ.
खंड्या पाण्यात पडला, वर आला, चोच रिकामी.
कुठेतरी एक बोर गळलं असेल.
जैतूनंही तोंड उघडलं होतं,
कुणी सांगितलं नव्हतं तरी.

बाप उठला, धोतर झटकलं,
"चला! मोकळं हाय!" ओरडला,
पूर्वी लाल झेंडा गुंडाळताना ओरडायचा
तेवढ्याच जोरात.
कड्यावरून घुबड उडालं,
आवाज न करता, आमच्या डोक्यांवरून,
आणि बाप एकटाच त्याच्याकडे बघत होता.
आम्ही दोघं बापाकडे.

फाटकावर त्यानं आपली डबी मागून घेतली,
बोटावर चुना काढला, जिभेला लावला,
थुंकला.
"हा इथला नाही," म्हणाला.