पान चौतीस

शारजात, कामगारांच्या कॅम्पांकडे, एका भागाचं नाव आहे सजा.
अरबीत त्याचा अर्थ काय, मला ठाऊक नाही.
मराठीत काय होतो,
ते मी फादीसाहेबांना सांगितलेलं नाही.

मी कंपनीचा सामाजिक जबाबदारीचा अहवाल लिहिते.
गुळगुळीत कागद, हिरवी कड,
मुखपृष्ठावर दरवर्षी एक झाड जास्त.
मे महिन्यात आम्ही टोप्या वाटल्या,
दोनशे, कंपनीचं चिन्ह नेमकं कपाळावर.
दापोलीचा अस्लम परकार, पराती बांधणारा,
फोटोत हसतोय.
फोटोवाल्याने त्याला तीनदा हसवला.
त्याचा एप्रिलचा पगार झाला नव्हता.
माझा अठ्ठावीस तारखेलाच झाला होता.

फादीसाहेब म्हणतात,
परवाना सरकार देतं, मान्यता लोक देतात.
वाक्य चांगलं आहे. मी ते पान दोनवर घातलं,
आणि रात्री भांडी घासताना
त्याला आपला शब्द शोधत राहिले.
वैधता? ती शिक्क्याला चिकटलेली.
अधिमान्यता? ती टाय लावूनच येते.
शेवटचा कुकर विसळताना आठवलं:
पत.

पत म्हणजे मोइदूची वही.
कासरगोडचा मोइदू, फाटकाशी दुकान,
तीन महिने त्याने पीठ दिलं, मसूर, रिचार्जची कार्डं,
टेकबहादूरच्या दाढेवरच्या गोळ्या.
नाव, खोली, रक्कम. सही कुणाचीच नाही.
तो लिहितो मल्याळममध्ये,
परकारला त्यातलं अक्षर लागत नाही,
तरी "दाखव बघू" असं तो कधी म्हणाला नाही.

जूनच्या शेवटी आम्ही मोइदूला ढाल द्यायचं ठरवलं.
'समाजातील सहप्रवासी'. अ‍ॅक्रिलिकची,
आत एक बुडबुडा अडकलेला.
दुपारची सुट्टी झालेली, माणसं भिंतीच्या सावलीला.
मोइदूने फडक्याला हात पुसले,
ढाल घेतली, उलटीसुलटी पाहिली,
गल्ल्याशेजारी अंड्यांच्या ट्रेवर ठेवली
आणि वही काढून फादीसाहेबांपुढे उघडली.
खालच्या बेरजेवर बोट.
एकोणचाळीस हजार दोनशे दिरहम.
"हे तुमच्या नावावर लिहू?"
एवढंच, गिऱ्हाइकांकडून शिकलेल्या अरबीत.

फोटोवाल्याने तेवढ्यात बटण दाबलं, सवयीने.
फादीसाहेबांनी घड्याळ पाहिलं.

पगार ऑगस्टमध्ये झाले.
वहीमुळे म्हणायचं धाडस नाही, बँकेमुळेही असेल.
परकारने आधी मोइदूचे चुकते केले,
मग घरी पाठवले.
मी त्याच्या मागे रांगेत होते, दूध घ्यायला.

पान चौतीसवर ढालीचा फोटो आहे.
वही कापा, असं डिझायनरला मीच लिहिलं.
त्याने कापली, नीट, सरळ रेषेत.
चौकटीच्या कडेला
मोइदूचं बोट तेवढं राहिलंय,
कशावर टेकलंय
ते दिसत नाही.